बसायला जागा : दोहा, मुत्रा आणि निझवा इथले सहा दिवस

रविवार, दोहा

विमानतळावर मावसभाऊ घ्यायला आला होता. मूळचा दापोलीकडचा. अठरा वर्षं झाली, कतारमध्ये, दोह्यात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. "ताई, आधी हॉटेलवर चल, पाठ टेक, बाकी उद्या बघू," म्हणाला. मी म्हटलं, पाठ रात्री टेकू, आधी बाजारात ने. त्याला त्याचं नवल वाटलं नाही. सांगलीच्या गणपती पेठेत आमच्या अण्णांचं भुसाराचं दुकान होतं. माझं लहानपण पोत्यांच्या थप्प्यांवर चढण्यात गेलं. कुठल्याही गावी गेले तरी देवळाच्या आधी माझे पाय पेठेकडे वळतात. या खेपेला तर मी बाजारांसाठीच घराबाहेर पडले होते. आखातातली गावं एका पिढीत महानगरं झाली. त्या उलथापालथीत तिथल्या जुन्या बाजारांचं, म्हणजे सूकांचं, काय झालं? माणसं अजून तिथे नुसती येऊन बसतात का? हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

विमानतळावरून मेट्रोने म्शेरेबला आलो आणि तिथे गाडी बदलून पुढच्याच स्टेशनवर उतरलो. स्टेशनचं नावच 'सूक वाकिफ'. सरकत्या जिन्याने वर आलो, तर समोर मातीच्या रंगाच्या बुटक्या भिंती, भिंतीतून बाहेर डोकावणारी वाशांची टोकं आणि संध्याकाळची झुंबड. 'वाकिफ' म्हणजे उभा. पूर्वी इथे म्शेरेबचा ओढा समुद्राला मिळायचा, भरतीचं पाणी वर चढायचं, आणि विक्रेते काठाकाठाने उभ्या उभ्या माल विकायचे. म्हणून हा उभ्याचा बाजार. वाळवंटातले भटके बेदुइन लोकर, तूप, जनावरं, सरपण घेऊन यायचे आणि तांदूळ, कापड, मासळी घेऊन परत जायचे. आपला 'वाकबगार' आणि 'वक्फ' हे शब्दही याच धातूतले. वक्फ म्हणजे जी मालमत्ता खरेदी-विक्रीतून थांबवून, उभी करून ठेवली ती. अरब शहरांत कित्येक मशिदींचा, पाणपोयांचा, मदरशांचा खर्च अशा वक्फ दुकानांच्या भाड्यावर चालायचा. म्हणजे एक बाजार उठला की त्यासोबत गावाचं बरंच काही उठतं.

त्या संध्याकाळी मी काहीच विकत घेतलं नाही. भाऊ मला मुख्य रस्त्यावरून आत, एका आडगल्लीत घेऊन गेला. तिथे एका टपरीवर कडक चहा मिळतो. 'कडक' हेच त्याचं नाव, अरबीतसुद्धा. दाट दुधाचा, वेलदोडा घातलेला, आपल्याकडून गेलेला चहा आता कतारी माणूस गाडीची काच खाली करून 'करक' म्हणून मागवतो. कागदी पेले घेऊन आम्ही भिंतीलगतच्या ओट्यावर बसलो. शेजारी दोन नेपाळी पोरं मोबाइलवर घरी बोलत होती. पलीकडे एक सुदानी कुटुंब होतं. पांढऱ्या थोबमधले, म्हणजे पायघोळ झग्यातले, दोन म्हातारे समोरच्या दुकानदाराशी रस्त्याच्या या कडेवरून गप्पा मारत होते. तासाभरात आम्हाला कोणी उठवलं नाही, की काय घेणार म्हणून विचारलं नाही.

सोमवार, दोहा

सकाळी एकटीच आले. दहाच्या सुमाराला दुकानं उघडत होती. मसाल्याच्या गल्लीत पोत्यांची तोंडं दुमडून वाळलेली लिंबं, हळद, गुलाबकळ्या मांडलेल्या. पुढे ॲल्युमिनियमची पातेली टांगलेली. त्यातली सगळ्यात मोठी एवढी, की आख्खा बोकड मावेल. लग्नकार्याला, ईदला लागणारी. मग दोरखंड, पाण्याच्या पखाली, मधाच्या बाटल्या, शिवणयंत्रावर वाकलेले शिंपी. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे, कारण सूक वाकिफला 'देखावा' म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदी खोटंही नाही.

झालं ते असं. तेलाचा पैसा आल्यावर, १९५० नंतर, इथे काँक्रीटच्या चाळवजा इमारती उभ्या राहिल्या, गल्ल्यांवर पत्रे आले. गिऱ्हाईक हळूहळू मॉलकडे गेलं. २००३ मध्ये आग लागली आणि बराचसा बाजार जळाला. तो पाडून तिथे टोलेजंग काही उभं करणं सोपं होतं. तसं न करता अमिरी दिवाणाच्या, म्हणजे कतारच्या अमिरांच्या कचेरीच्या, अभियांत्रिकी विभागाने बाजार पुन्हा उभा करायचं ठरवलं, आणि ते काम वास्तुविशारदाच्या फर्मकडे न देता मोहम्मद अली अब्दुल्ला या चित्रकाराकडे सोपवलं. त्याने जुने फोटो बघितले, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या. नंतर आलेल्या काँक्रीटच्या इमारती पाडल्या, पत्रे काढले. छपराला पुन्हा दनशल या लाकडाचे वासे आले, त्यावर बांबू, चटया आणि वर भुसा मिसळलेल्या मातीचा थर. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत हे काम होतं. म्हणजे आज आपण बघतो त्या भिंतीतली पुष्कळशी माती वीस वर्षांचीच आहे. पण गल्ल्यांची वळणं जुनी आहेत, आणि पातेली विकणारा पातेलीच विकतो आहे. माझ्यासाठी ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. भिंत नव्याने लिंपता येते, दोरखंडाचं गिऱ्हाईक नव्याने लिंपता येत नाही.

पातेल्यांच्या दुकानासमोर एक म्हातारा एकचाकी ढकलगाडीत बसला होता. मांडी घालून गाडीच्या लोखंडी पाळ्यातच बसला होता, पाठीमागे उशीसारखी गुंडाळलेली शाल. अंगात तपकिरी-लाल जाकीट, पाठीवर नंबर. पांढरी दाढी. गाडीच्या दोन्ही मुठींना जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या करकचून गुंडाळलेल्या, आणि जिथे तळहात येतो तिथे कापड काळं, गुळगुळीत, चामड्यासारखं झालेलं. हिंदीत विचारलं, तुम्हाला इथे काय म्हणतात? तो म्हणाला, "हम्माली."

मी तिथेच थांबले. अण्णांच्या दुकानासमोर दुपारी पोत्यांवर आडवे होणारे हमाल, त्यांचे हूक, त्यांची हमाली आणि तोलाईवरून होणारी भांडणं, सगळं एकदम समोर आलं. आपल्या पेठेची सगळी बोलीच मुळी या लोकांकडून आलेली आहे. हमाल, दलाल, माल, वजन, किंमत, नफा, हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, तगादा: सगळ्यांची मुळं अरबीत. काही फारशीच्या वाटेने आले, काही जहाजातून. आणि 'दुकान'ही. अरबी कोशात दुक्कान या शब्दाचा जुना अर्थ दिला आहे ओटा, बसायचा चौथरा. दुकान म्हणजे आधी बसायची जागा, विक्री नंतर आली. जुन्या सूकांमध्ये दुकानाची जमीन रस्त्यापेक्षा कमरेएवढी उंच असायची, दुकानदार वर मांडी घालून, गिऱ्हाईक कडेवर टेकलेलं. दोघांची डोकी एका उंचीवर. आमच्या पेठेतही गादी-तक्क्या तसाच होता. अण्णांकडे दिवसभरात वीस माणसं यायची, त्यातली सौद्याला पाच. बाकीची पंधरा निरोप ठेवायला, पावसाची चौकशी करायला, मुलीसाठी स्थळ विचारायला.

म्हाताऱ्याला तेवढ्यात गिऱ्हाईक मिळालं. एक बाई तांदळाची गोण आणि दोन पातेली घेऊन निघाली होती. तो गाडीतून उतरला, शाल खांद्यावर टाकली, आणि त्या गर्दीत एकदाही कोणाला धक्का न लावता निघून गेला. या गल्ल्यांत वाहन शिरत नाही, म्हणून त्याचं काम टिकलं आहे, आणि म्हणूनच माणसं इथे निर्धास्त रस्त्याच्या मधोमध उभी राहून बोलू शकतात. या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

ससाण्यांच्या बाजारात तासभर गेला. गालिचा अंथरलेल्या खोलीत वाळूच्या पट्टीवर, लाकडी खुंट्यांवर ससाणे ओळीने बसवलेले. प्रत्येकाच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी. तिला बुर्का म्हणतात. कोणी मोठ्याने बोलत नाही. पलीकडेच ससाण्यांचं इस्पितळ आहे, तिथे शिकारी पक्ष्याचं मोडलेलं पीस जुन्या गळून पडलेल्या पिसाचा तुकडा जोडून दुरुस्त करतात. खोलीत भिंतीला टेकून बसलेले कतारी तरुण ससाणे विकत घ्यायला आलेलेच असतील असं नव्हे. थंडी हा शिकारीचा हंगाम, त्यामुळे गप्पांचाही हंगाम.

एक वाजता सगळं बंद. दारांना कुलपं, गल्ल्या ओस. चारनंतर परत जाग. हा बाजार उन्हाच्या आणि अजानच्या घड्याळावर चालतो. मॉलला हे घड्याळ नसतं, तिथे सकाळ-दुपार एकच.

रात्री भाऊ काम आटोपून आला. कतारी बायका घरचे पदार्थ विकायला बसतात तिथे आम्ही गेलो. डोळ्यांखालचा चेहरा झाकलेली एक आजी तापलेल्या लोखंडी तव्यावर हाताने पिठाचा गोळा फिरवत होती. गोळा तव्याला नुसता घासून उचलायचा, मागे पापुद्रा राहतो. तो मिनिटभरात कुरकुरीत होतो. त्याला रगाग म्हणतात. आमच्या मावशीचा हात घावनावर असाच चालतो. आजीच्या पाटासमोर एकाच रांगेत नोकरदार फिलिपिनी मुली, कतारी मुलं आणि आम्ही उभे होतो.

आणि तरीही सगळं एका पातळीवर नाही. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता उपाहारगृहांची रांग आहे, पुढे काढलेल्या खुर्च्या आहेत, आणि त्या खुर्चीची किंमत ताटाच्या किंमतीत असते. भाऊ अठरा वर्षांत त्यातल्या एकाही खुर्चीवर बसलेला नाही. त्याने सांगितलं ते इथे लिहिते. सुट्टी शुक्रवारची. खोलीत सहा जण. बाहेर पडावं तर सुरुवातीच्या वर्षांत मॉलच्या दारावर रखवालदार अडवायचा: आज फॅमिलीचा दिवस, एकट्या पुरुषांना प्रवेश नाही. गोऱ्या माणसाला तोच दार उघडून द्यायचा. "मग आम्ही इकडे यायचो. दोन रियालचा चहा आणि हा ओटा. गावाकडचे सगळे इथेच भेटायचे. कोणाला नोकरी लागली, कोणाचे वडील गेले, सगळं या ओट्यावर कळायचं." तो हे चिडून सांगत नव्हता. राग मला आला.

मंगळवार, दोहा ते मस्कत

सकाळी सूकला लागून असलेल्या म्शेरेबमध्ये फिरले. एकतीस हेक्टरचं नवं डाउनटाउन. पूर्वी इथे दाटीवाटीची जुनी वस्ती होती, दोह्यात वीज पहिल्यांदा जिथे आली ती कहरबा स्ट्रीट होती, आणि अलीकडच्या काळात स्वस्त खोल्या घेऊन राहणारे आपल्याकडचे मजूर होते. भाऊ आला तेव्हा त्याने पहिली रजई इथल्याच एका दुकानातून घेतली होती. ते दुकान, ती गल्ली, काहीच आता नाही. नवं काम मनापासून केलेलं आहे: सावली पडेल असे अरुंद रस्ते, फुकट ट्राम, उघडझाप होणाऱ्या छताखालचा चौक. चौकाला 'बराहा' असं जुनं नाव दिलं आहे. बराहा म्हणजे घरांच्या मधली मोकळी जागा, जिथे मुलं खेळतात आणि म्हातारे बसतात. सकाळी साडेदहाला त्या बराहात मी, एक सफाई कामगार आणि दोन सुरक्षारक्षक होतो.

जवळच बिन जलमूद हाउस हे गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आखातातली मोती काढण्याची, खजुराची जुनी श्रीमंती कोणाच्या पाठीवर उभी होती ते तिथे आडपडदा न ठेवता मांडलं आहे. दोन तास गेले. बाहेर आल्यावर काही बघावंसं वाटलं नाही. दुपारच्या विमानाने मस्कतला आले.

बुधवार, मुत्रा

मस्कतमध्ये मुत्रा आहे, पण खरं तर मुत्रा हे वेगळंच गाव. मस्कतला सुलतान आणि किल्ले, मुत्र्याला धंदा. १९७० पर्यंत ओमान या देशात पक्का रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता. सूर्यास्तानंतर तीन तासांनी मस्कतचे दरवाजे बंद व्हायचे, त्यानंतर बाहेर दिसायचं तर हातात कंदील लागायचा. तेव्हा खजूर, लोबान आणि कापड यांचा सगळा व्यवहार या अर्धचंद्राकृती बंदरावर चालायचा.

कॉर्निशवरून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावरून, आत शिरलं की पाच पावलांत उजेड जातो. लोक याला सूक अल-धलाम म्हणतात, अंधाराचा बाजार. गल्ल्या एवढ्या अरुंद की भर दुपारी दिवे लागलेले. वर आता लाकडी नक्षीचं छत आहे. आधी लोबानचा धूर येतो, मग अत्तर, मग कापडाला येणारा खळीचा वास. पहिल्या शंभर पावलांत पश्मिना म्हणवणाऱ्या शाली, पितळी उंट, फ्रिजला चिकटवायची चुंबकं. त्याचं कारण समोरच्या बंदरात आहे. सुलतान काबूस बंदरातली मालवाहतूक २०१४ मध्ये सोहारला हलवली, आणि धक्का पर्यटकांच्या जहाजांसाठी राहिला. पूर्वी जहाजातून पोती उतरायची, आता एका सकाळी दोन-तीन हजार माणसं उतरतात, चार तास फिरतात आणि जातात. दुकानांनी पोत्यांऐवजी त्यांच्यासाठी माल भरला. दुकानदाराला मी दोष देत नाही. पण जिथे गिऱ्हाईक पुन्हा कधी येणार नाही, तिथे बसायला स्टूल कोण ठेवेल?

म्हणून मी आत आत चालत राहिले. आणि तिथे बाजार बदलला. मुलांच्या गणवेशाचं कापड, ओमानी टोप्या (त्यांना कुम्मा म्हणतात, भोकाभोकांची हाताने केलेली शिवण), भांडी, मेंदी, सोन्याची दुकानं. सोन्याच्या दुकानात आई, मुलगी आणि आजी अशा तिघी बाकावर बसून पेटी उघडत होत्या, मिटत होत्या. घाई कोणालाच नव्हती.

एका कापडाच्या दुकानाचा उंबरा हातभर उंच होता. मी तिथे टेकले, तर आतून कच्छी वळणाच्या हिंदीत आवाज आला, "बेन, अंदर बैठो, पंखा है." साठीचे गृहस्थ. पणजोबा मांडवीहून गलबतातून आलेले. उंबऱ्याचं विचारल्यावर म्हणाले, हा बाजारच वाडीत आहे, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या पात्रात. वर डोंगरात पाऊस झाला की या मुख्य गल्लीतूनच पाणी समुद्राकडे धावतं. २००७ च्या गोनू वादळात तर सगळा माल गेला. "पानी आता है, जाता है. हम इधर ही है."

गुजराती-कच्छी भाटिये, शेजारच्या तटबंदीतल्या वस्तीत राहणारे लवातिया, बलुची, झांजिबारहून परतलेले ओमानी, या सगळ्यांनी हा बाजार घडवला. लवातियांच्या वस्तीच्या दाराशी मी थांबले आणि मागे फिरले, परक्यांनी आत जायची रीत नाही. बाजार सगळ्यांचा, आणि त्याला लागूनच ज्यांची त्यांची घरं आडोशाला. आपल्या जुन्या पेठांतूनही हेच होतं: रस्त्यावर गजबज, आणि बोळ ओलांडला की चौकाचा वाडा.

गृहस्थांनी पैशांच्या गल्ल्यातून एक जुनी नोट काढून दाखवली. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाची, पण आपल्या नोटेपेक्षा वेगळ्या रंगाची. १९५९ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळे रुपये छापले होते. त्याआधी इथे साधा हिंदुस्थानी रुपयाच चालायचा. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा तोवर तो वापरणाऱ्या बाकीच्यांनी तो सोडला, ओमानने १९७० पर्यंत चालवला. आजही ओमानी रियालचे हजार भाग होतात, आणि त्या भागाचं नाव आहे बैसा. आपला पैसा.

संध्याकाळी हलव्याच्या दुकानात बसले. ओमानी हलवा म्हणजे साखर, तूप, केशर, गुलाबपाणी आणि स्टार्च यांचा तकतकीत गोळा, चमच्याने उचलला की ओघळतो. सोबत वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी, हँडल नसलेल्या चिमुकल्या पेल्यात. पेला रिकामा झाला की मुलगा पुन्हा भरतो. तिसऱ्यांदा भरल्यावर शेजारच्या आजोबांनी माझा हात धरून पेला डाव्या-उजवीकडे हलवून दाखवला. असा हलवला की पुरे. नाहीतर तो भरतच राहणार.

गुरुवार, मुत्रा ते निझवा

सकाळी सहाला मासळी बाजार. इमारत नवी आहे, २०१७ ची, स्नोहेट्टा या नॉर्वेच्या मंडळींनी रचलेली. छपराच्या पट्ट्यांतून झिरपणारं ऊन आत फरशीवर पट्टे पाडत होतं. सुरमईला इथे कनद म्हणतात. एका बाजूला मासे विकायचे, दुसऱ्या बाजूला साफ करणाऱ्यांची रांग, कोयता चालवण्याची लय ओळखीची. नव्या इमारतीत जुना बाजार नीट नांदतो आहे असं वाटलं, कारण ती उघडी आहे. वारा आणि माणसं दोन्ही वाटेल तिकडून आत येतात.

दुपारी निझव्याला निघालो. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, रस्ता लोण्यासारखा. चालक निझव्याकडचाच, चांगली हिंदी बोलणारा. त्याला वाट विचारली की 'सीदा' म्हणायचा. मला वाटलं माझ्यासाठी हिंदी बोलतो आहे. तो म्हणाला, नाही, हे आमचं अरबी. गाडीची डिकी त्यांच्याकडे 'डब्बा' आणि पैशांचं कपाट 'तिजोरी'. हमाल त्यांनी दिला, तिजोरी आपण दिली.

किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या अकर वस्तीत मातीच्या घरात मुक्काम. ही घरं पडीक झाली होती. गावातल्याच तरुणांनी पुढाकार घेऊन ती उभी केली, कुठे खानावळ, कुठे खोल्या. रात्री गल्लीतल्या ओट्यांवर गावची मुलं बसलेली, पर्यटकांकडे लक्ष न देता.

शुक्रवार, निझवा

पहाटे उठून साडेसहाला जनावरांच्या बाजारात. तटबंदीला लागून मैदान. पिकअप गाड्या उलट्या लावलेल्या, त्यांतून बकऱ्या उतरतायत. मधोमध छप्पर असलेला गोल चौथरा, त्याभोवती फिरायला गोल वाट, आणि वाटेच्या बाहेरच्या कडेला पुन्हा माणसांचं कडं. सातच्या आत दोन्हीकडे जागा उरली नाही. पांढऱ्या दिशदाशा (ओमानी पायघोळ झगे), रंगीत पटके, हातात बारीक काठ्या, काहींच्या कमरेला खंजर. वाळवंटातून आलेल्या बायकाही होत्या, चेहऱ्यावर ताठ कापडी बुर्का, हातात बकरीचं दावं.

मग फेरी सुरू झाली. मालक किंवा दलाल (हाच शब्द, हाच अर्थ) बकरी ओढत गोल फिरतो आणि भाव ओरडत जातो. चौथऱ्यावरून कोणी हात करतो, बकरी थांबते. तो वाकून दात बघतो, पाठीचा कणा बोटांनी चाचपतो, कासेला हात लावतो, काही न बोलता मान हलवतो. बकरी पुढे. पुढचा दहा रियाल वाढवतो. एकाने तीन फेऱ्यांत भाव शंभरावरून एकशे तीसवर नेला, आणि मग हातात हात. सगळ्यांच्या देखत. अण्णा सांगायचे, पूर्वी आपल्याकडे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. शेतकऱ्याच्या मालाची किंमत त्याच्या डोळ्यांसमोर, पण त्याला न कळता. इथे बकरीबरोबर भावही गोल फिरतो, आणि ज्याला घ्यायचं नाही त्यालाही तो कळतो. पुढच्या आठवड्यात त्याला विकायचं असेल तर हा आकडा त्याच्याकडे आहे. गोल करून बसण्याचा हा केवढा तरी उपयोग.

बकऱ्यांच्या गडबडीत माझं लक्ष एका मुलाने धरून ठेवलं. सात-आठ वर्षांचा, डोक्यावर नवी कुम्मा. त्याच्या कुशीत चार दिवसांचं करडू होतं. बाप भाव ओरडत फिरत होता आणि हा त्याच्या मागून करडाचे कान झाकून चालत होता. विकलं गेलं तेव्हा त्याने ते स्वतः नव्या मालकाच्या हातात दिलं आणि बापाची दिशदाशा घट्ट धरली. बाप काही बोलला नाही. त्याने मुलाच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि पुढची बकरी ओढली.

नऊपर्यंत गर्दी ओसरली. दुपारी जुम्म्याची नमाज, त्याआधी सगळ्यांना घरी पोचायचं. मी खजुरांच्या बाजारात जाऊन आले. तिथे एका टोपलीत खारीक दिसली. आपली, डिंकाच्या लाडवातली, ओटीतली. विक्रेत्याने सांगितलं, मब्सली जातीचा खजूर पिवळा असतानाच काढून मोठ्या तांब्याच्या कढईत उकळतात आणि उन्हात वाळवतात. त्या कामाला तब्सील म्हणतात. हा माल पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानात जातो. अण्णांच्या दुकानात खारकेचं पोतं दाराशी डाव्या हाताला असायचं, आणि येणारा प्रत्येक जण बोलता बोलता त्यातली एक तोंडात टाकायचा. अण्णांनी कधी कोणाला हटकलं नाही. अर्धा किलो घेतली.

परत आले तर मैदान रिकामं. दोन माणसं पाण्याने वाट धूत होती. चौथऱ्यावर एकच म्हातारा उरला होता, काठीवर हनुवटी टेकलेला. मी उभी राहिलेली बघून त्याने काठीच्या टोकाने शेजारची जागा दाखवली. मी बसले. खारकेची पिशवी पुढे केली, त्याने एक उचलली. चालकाला म्हटलं, विचार त्यांना, आज काय घेतलं?

चालकाने विचारलं. म्हातारा बराच वेळ खारीक चघळत राहिला. मग म्हणाला, त्याच्याकडे बकऱ्या नाहीत, वीस वर्षांपूर्वीच विकल्या. आज शुक्रवार ना, म्हणून आला.